साठ पावलांचा पुठ्ठा

॥ श्री ॥

कार्तिक चौक, उज्जैन
१२ नोव्हेंबर २०२२

चि. विनायकास,
अनेक आशीर्वाद.

तीन किलोमीटरवर राहणाऱ्या भावाला पाकीट चिकटवून पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. वकील साब म्हणाले, मामांना फोन करू नका, घरी बोलावू नका, ते सरकारी गवाह आहेत आणि पुलिस फोनचा सगळा रेकॉर्ड काढते. मी विचारलं, पत्र लिहिलं तर? ते हसले आणि म्हणाले, पत्र आता कोण लिहितं. म्हणून लिहितेय.

भाऊबीज बुडाली. घरात मरण झालेल्या वर्षी दिवाळी कुठली? तू फौजेत होतास त्या वर्षांत मी चंद्राला ओवाळत असे. या वर्षी तेही झालं नाही. चंद्राकडे बघायला वर मान करावी लागते.

त्या दिवशी काय झालं ते तुला नीट कुणी सांगितलं नसेल. दसरा असल्यामुळे तू तुझ्या दुकानात लोकांच्या बंदुकांच्या पूजेत होतास, आणि नंतर तुला थेट ठाण्यातच नेलं. तर दुपारी आम्ही नेहमीसारखे बडनगर रोडच्या शेतावर गेलो. मी, माझा ओंकार, माझी जाऊ अहल्या आणि तिचा रुचिर. माझ्या सासऱ्यांनी, बापूंनी, घालून दिलेला रिवाज तुला माहीत आहे. बंदुकीची पूजा, शमीच्या फांदीला मडकं, मडक्यापासून साठ पावलं मागे येऊन घरातल्या मुलानं एकच बार करायचा, मडकं फुटलं की शमीची पानं घेऊन घरी. ओंकारनं नेम धरला. रुचिर पानं तोडायला झाडाकडे गेला होता, ते याच्या ध्यानात आलं नाही. बार झाला, मडकं तसंच राहिलं आणि रुचिर खाली बसला. बसला असंच वाटलं आम्हाला.

जमानत नाही मिळाली. पुलिस म्हणते दोघा चुलतभावांत बार करायच्या मानावरून वैर होतं आणि ओंकारनं त्याला ठरवून मारलं. विनायक, चोवीस वर्षांचं पोर आहे. जन्मठेप झाली तर बाहेर येईल तेव्हा मी नसेन.

आता नीट वाच. एप्रिलमध्ये बंदुकीची नळी फुगली आणि दसऱ्याच्या तोंडावर तू ती सात बोटं कापून दिलीस. आखूड बंदूक कुठेही मारते, हे रस्त्यावरचा माणूसही सांगेल. वकील साबचं म्हणणं एवढंच आहे की तू कोर्टात सांगावं, कापताना नळीचं तोंड वाकडं राहिलं, म्हणून गोळी मडकं सोडून आडवी गेली. मग तो खून राहत नाही, अपघात होतो. तुला दोष देत नाही. तुझ्याकडे मागतेय.

आंब्याचं लोणचं संपलं असेल. बरणी कुणाबरोबर पाठवायची तेही कळत नाही.

माया आहे तशीच आहे, तीत काही कमी धरू नकोस.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

माधव नगर, उज्जैन
२० नोव्हेंबर २०२२

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. त्याला इथवर यायला चार दिवस लागले. तू पायी निघाली असतीस तर तासाभरात आली असतीस आणि वाटेत बसून मेथीही निवडली असतीस. दुकानाला सील आहे. सकाळी महाकालाच्या कळसाला लांबूनच हात जोडतो, आत जावंसं वाटत नाही. रविवारी तुझ्याकडे जेवायची बारा वर्षांची सवय, त्यामुळे रविवारचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. टावर चौकात पोहे खाऊन येतो. तू वाढतेस तसे बाफले तिथे मिळतात, पण आणखी एक घे म्हणणारं कुणी नसतं.

ताई, आधी माझा गुन्हा सांगतो. नळी आखूड करायला सरकारची वेगळी लेखी परवानगी लागते. ओंकारनं अर्ज केला होता, कागद हातात आला नव्हता. दसरा जवळ आला. तू म्हणालीस, बापूंपासूनचा बार चुकायला नको, आणि मी कागदाची वाट न बघता कापली. सतरा वर्षं फौजेत बंदुका दुरुस्त केल्या, एकदाही नियम मोडला नव्हता. हे मी पहिल्याच दिवशी ठाण्यात सांगून टाकलं आहे. त्याची शिक्षा होईल ती घेईन.

पण तोंड वाकडं कापलं, हे खरं नाही.

आखूड बंदूक कुठेही मारते असं सगळेच म्हणतात. फौजेत नवे जवानही म्हणायचे. तू मला अक्षरं गिरवायला शिकवलीस तशी मी तुला ही गोष्ट सांगतो. काडतुसातली दारू पेटली की तिचा वायू गोळीला मागून ढकलतो. नळी जितकी लांब तितका वेळ ते ढकलणं चालतं. सात बोटं कापली तर शेवटचं ढकलणं तेवढं राहून जातं आणि गोळीचा वेग घटतो. किती? शंभरात सहा-सात. उरलेली दारू नळीबाहेर जळते, म्हणून तोंडाशी मोठा जाळ दिसतो, कानठळ्या बसतात आणि बघणाऱ्याला वाटतं बंदूक पिसाळली. तीनशे पावलांवर ती गोळी पूर्वीपेक्षा खाली पडेल. साठ पावलांवर हा फरक नखाएवढाही नसतो. गोळी सरळ जाते ती नळीच्या आतल्या आट्यांमुळे, भोवऱ्यासारखी फिरत. आटे शाबूत असतील आणि तोंड काटकोनात कापलं असेल, तर आखूड नळी लांब नळीइतकीच सरळ मारते.

फरक पडतो तो डोळ्याला. नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी एकमेकींजवळ येतात. मग नेमात केसाएवढी चूक झाली तरी पुढे ती आधीपेक्षा मोठी होते. मोठी म्हणजे चार बोटं, हात फारच हलला तर वीतभर. पंचनाम्यात रुचिर मडक्यापासून आठ हात डावीकडे होता.

आणि मी कापून नुसती दिली नव्हती. माझी रीत तुला माहीत आहे. दुरुस्तीनंतर प्रत्येक बंदूक मी खदानीत नेतो आणि साठ पावलांवर पुठ्ठा लावून पाच गोळ्या मारतो. पुठ्ठ्यावर तारीख, बंदुकीचा नंबर, मालकाची सही, आणि कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावून घरी देव्हाऱ्याखाली ठेवतो. दुकानातलं रजिस्टर पोलिसांनी नेलं, पुठ्ठे इथेच आहेत. ओंकारचा काल काढून बघितला. पाचही भोकं देवाच्या वाटीखाली झाकली गेली.

आठ हात बंदूक चुकत नाही, ताई. तू पत्रात लिहिलंस त्याखेरीज त्या दिवशी आणखी काही झालं होतं का? विचारतोय म्हणून रागावू नकोस.

ओंकारला मुलाकातीत भेटशील तेव्हा माझा आशीर्वाद सांग. तुझा लोभ कालपर्यंत होता तेवढाच उद्याही मिळावा.

तुझा,
विनायक

॥ श्री ॥

कार्तिक चौक, उज्जैन
२ डिसेंबर २०२२

चि. विनायकास,
आशीर्वाद.

तुझं गणित मला नको. मी तुला भाकरी मागितली आणि तू मला पीठ कसं दळतात ते लिहून पाठवलंस.

आणखी काही झालं नव्हतं. दोघं थट्टा करत होते, ती दर वर्षी करायचे. रुचिरनं बंदुकीचं नाव नकटी ठेवलं होतं, नाक कापलेली म्हणून. त्यात काय एवढं? घरात हसणं-खिदळणं चालायचंच. मी डोळ्यांनी पाहिलं, ओंकारनं मडक्यावरच नेम धरला होता.

तुला आठवत नसेल म्हणून लिहिते. आपल्या गावची शाळा नाल्यापलीकडे होती. आई गेली तेव्हा तू पहिलीत होतास. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती तुझी चालू राहावी म्हणून. पावसाळ्यात तुला खांद्यावर घेऊन नाला ओलांडायची, आणि तू वरून मला म्हणायचास, ताई, पाटी भिजेल, सरळ चाल. तेव्हाही तुला पाटीचीच काळजी.

वकील साब म्हणतात, लॅबवाल्यांनी गोळी त्याच बंदुकीतली आहे एवढंच लिहिलं आहे. नळी सरळ मारते की वाकडी, ते कुणी विचारलेलंच नाही. बोलशील तर तूच. काम वाकडं झालं म्हणालास तर तुला फार तर दोन-तीन वर्षं. विनायक, तुझ्यामागे कोण आहे? बायको नाही, पोर नाही. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटली, पण खोडत नाही.

तो पुठ्ठा क्षिप्रेत सोडून दे.

राग आला तरी मोठी बहीण म्हणून गिळ.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

माधव नगर, उज्जैन
१६ जानेवारी २०२३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ घे. पाकिटात चिमूटभर तीळ आहेत, पोस्टाच्या ठशाखाली चुरा झाले असतील.

दीड महिना उत्तर लिहिलं नाही. काल संक्रांतीचं स्नान म्हणून राम घाटावर गेलो. पुठ्ठा सदऱ्याच्या आत होता. फार गर्दी होती. एक गुरुजी म्हणाले, काका, काय सोडायचं ते सोडा, मागे लोक थांबलेत. पाण्याला लावला. कोपऱ्यावरचं कुंकू पाण्यात उतरायला लागलं तसा मी तो वर घेतला आणि ओल्या कपड्यांनी घरी आलो. पुठ्ठा आता गच्चीत वाळतो आहे. ओंकारची सही थोडी फुटली, भोकं तशीच आहेत.

पण तू मागितलंस ते मी करणार आहे. कोर्टात विचारलं तर सांगेन की तोंड वाकडं राहिलं असावं. पुठ्ठा मी होऊन दाखवणार नाही. नाल्यातून तू मला नेलंस, तू सरळच चाललीस आणि पाटी कधी भिजली नाही. तेवढ्याची परतफेड होत नसते, पण माझ्याकडे हे एवढंच आहे.

एक मात्र मागतो. खोटं बोलल्यावर मी देवासमोर बसेन की नाही, मला सांगता येत नाही. नाही बसलो तर त्याचं कारण तू कधी विचारू नकोस.

लोभाचं काय लिहू? तुझ्या लोभातूनच तर हे करतो आहे.

तुझा,
विनायक

कारागृह, उज्जैन
९ फेब्रुवारी २०२३

ती. मामांस,
ओंकारचा सा. न. वि. वि.

माझं मराठी लिहिणं तुम्हाला माहीतच आहे, आई लहानपणी कान धरून लिहायला बसवायची आणि मी हिंदीत पळून जायचो. इथे पत्र पुढे जाण्याआधी मुंशीजी वाचतात. अक्षर त्यांना लागतं, भाषा अर्धीच कळते. पूर्ण कळली तरी कळू दे.

इथे ठीक आहे. बैरकमध्ये एक म्हातारे रोज रामायण वाचतात, मी ऐकतो. डाळीत पाणी जास्त असतं. आईला सांगतो की मजेत आहे.

मामा, आई मुलाकातीला आली तेव्हा हळूच सांगून गेली की तुम्ही सगळं तुमच्यावर घेणार आहात. म्हणून जे झालं ते लिहितो. वकील साबना सांगितलं होतं, ते म्हणाले विसरून जा. आईला माहीत आहे, पण तिनं ते स्वतःशीच पुसून टाकलं आहे.

रुचिरदादा पानं तोडायला गेला नव्हता. मी बंदूक उचलली तेव्हा तो म्हणाला, ही नकटी कुठे मारेल हिचं हिलाच माहीत नाही. मोठा मी, मान माझा, आणि बार करणार हा, तोही नाक कापलेल्या बंदुकीनं. मग म्हणाला, आज सगळ्यात सेफ जागा मडक्यापाशीच आहे, मी तिथेच जाऊन उभा राहतो. आणि गेला. काकू ओरडल्या, तो वळून हसला. कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि हसत राहिला.

माझ्या डोक्यात त्या वेळी काय आलं ते सांगतो. तुम्ही खदानीत मला पुठ्ठा दाखवला होतात, पाच भोकं, आणि म्हणाला होतात, बघ, आखूड झाली तरी हिनं इमान सोडलेलं नाही, जिथे सांगशील तिथेच मारेल. मी सही केली होती. मला वाटलं, ठीक आहे, मडकं राहू दे. याच्या कानापासून एक वीत लांबून गोळी काढतो, कानाशी सणसणत जाईल आणि हसणं बंद होईल. नकटी कशी मारते ते त्याला कळेल. मामा, मला त्याला मारायचं नव्हतं. फक्त भ्यायला लावायचं होतं. एक वीत सोडून नेम धरला होता, मला पक्कं आठवतं.

ती वीत कुठे गेली मला माहीत नाही.

गोळी कुठेही गेली असं तुम्ही म्हणालात तर मी सुटेनही. मग काकूंना आयुष्यभर वाटत राहील की त्यांचा मुलगा एका वाकड्या नळीनं गेला. आणि मी त्यांच्याच अंगणात राहीन. मला ठरवता येत नाही. तुम्ही सांगाल तसं करेन.

आशीर्वाद मागायचा हक्क राहिला असेल तर मागतो.

तुमचा,
ओंकार

॥ श्री ॥

माधव नगर, उज्जैन
१ मार्च २०२३

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद. हक्काचं विचारू नकोस, आशीर्वाद त्याच्याआधीचा असतो.

पत्र चारदा वाचलं. ती वीत कुठे गेली ते मला माहीत आहे.

पुठ्ठ्यावरच्या पाच गोळ्या मी मारल्या होत्या. रेतीच्या पिशवीवर नळी टेकून, पालथं पडून, प्रत्येक गोळीमागे श्वास थांबवून. तीस वर्षं हेच केलेला हात होता. पुठ्ठ्यावर यातलं काही उमटत नाही. त्यावर फक्त भोकं दिसतात. तू उभा होतास, रागात होतास, आणि तुझ्या डोळ्यापुढे खाच आणि माशी पूर्वीपेक्षा सात बोटं जवळ आली होती. लांब बंदुकीत माशी जरा हलली की डोळ्याला लगेच कळतं. आखूड बंदुकीत कळत नाही, आणि पुढे तीच चूक वाढत जाते. बंदूक तुझ्याशी इमानानंच वागली. तुझ्या हातानं जिथे दाखवलं तिथे तिनं मारलं. फक्त तुझा हात कुठे दाखवतोय, ते तुला सांगायला तिच्याकडे नळी पुरेशी उरली नव्हती.

हे मला माहीत होतं. फौजेत आखूड बंदूक हाती देताना जवानाला पहिल्यांदा हेच सांगायचं असतं. तुला सांगितलं नाही. मला माझा पुठ्ठा दाखवायची घाई होती. रुचिर समजत होता की ही बंदूक कुठेही मारते, तू समजत होतास की मनात येईल तिथे मारते. दोघांच्या मधलं खरं मला ठाऊक होतं, आणि मी कुंकू लावत बसलो. तोंड वाकडं कापलं असतं तर ते पुठ्ठ्यावर दिसलं असतं आणि मी बंदूक परत दिलीच नसती. ती नीट कापली गेली, आणि नीट कापल्याचा मला गर्व झाला. तिथेच चुकलं.

तुझ्या आईला मी शब्द दिला होता. तो आता मोडणार आहे. कोर्टात पुठ्ठा नेईन, आणि तो तुला दाखवताना काय बोललो, काय बोलायचं राहिलं, तेही सांगेन. त्यामुळे तुझा अपघात उरणार नाही, हे नीट समजून घे. त्या दिवशी तू गप्प राहिलास तर सरकारी वकील म्हणतील की सरळ मारणाऱ्या बंदुकीनं सरळच माणूस मारला, आणि तू जन्मभर आत जाशील. तू सगळं सांगितलंस तरी न्यायाधीश विश्वास ठेवतील असं मी म्हणू शकत नाही. तुला धोक्यात घालतो आहे.

पण अहल्याताईंना खरं काय ते कळलं पाहिजे. वाकड्या नळीची गोष्ट सांगून त्यांच्या दारावरून मला जाता येणार नाही, आणि तुलाही त्या अंगणात राहता येणार नाही. तू ते आधीच लिहिलं आहेस.

रामायण ऐकत जा. डाळ पातळ असली तरी पोटभर जेव.

मायेत आहेस, तिथेच राहशील.

तुझा,
मामा

कार्तिक चौक, उज्जैन
२१ जुलै २०२३

श्री. विनायक यांस,
स. न. वि. वि.

पेशीला आपण जे सांगितलं ते मी मागच्या बाकावर बसून ऐकलं. पुठ्ठा आपण दोन्ही हातांनी वर धरलात, आरतीचं तबक धरतात तसा. न्यायाधीशांनी वाटी मागवली असती तर तीही आपण खिशातून काढून दिली असती.

त्यानंतर ओंकारनं सगळं सांगितलं. जे मी नऊ महिने तोंडातून निघू दिलं नव्हतं, ते.

मला एकच भाऊ होता. यापुढे पत्र पाठवू नये. आल्यास उघडलं जाणार नाही.

कळावे.

शोभा जामदार

॥ श्री ॥

कार्तिक चौक, उज्जैन
२४ सप्टेंबर २०२४

चि. विनायकास,
आशीर्वाद.

वरचा शब्द लिहायला मला चौदा महिने लागले.

निकाल तुला माहीतच आहे. सात वर्षं. खून नाही म्हणाले, पण गुन्हा मोठा म्हणाले. तुझ्या पुठ्ठ्यामुळे पोराच्या बोलण्यावर विश्वास बसला असं त्यात लिहिलं आहे. वकील साबनी ते वाचून दाखवलं तेव्हा मी त्यांना पुन्हा वाचायला लावलं. तुझं लायसन्स गेलं, दुकान गेलं आणि तुझी स्वतःची केस अजून चालू आहे, हे बाहेरून कळलं. आता शिवणयंत्रं दुरुस्त करतोस म्हणे. माझं खालून धागा सोडतं. पण ते आता नको.

पत्राचं कारण वेगळं आहे. शेतावरच्या शमीला ते मडकं अजून लटकतंय. दोन पावसाळे झाले, दोर काळा पडला, तरी पडत नाही. गडी त्या बाजूला नांगर घालत नाहीत, तेवढा तुकडा तसाच पडून आहे. अहल्या आणि मी एका अंगणात राहतो, एका नळाचं पाणी भरतो आणि दोन वर्षांत कामापलीकडे बोललेलो नाही. परवा तिनं स्वतःहून सांगितलं, दसऱ्याच्या आधी ते मडकं काढून घ्या. मी विचारलं, कोण काढणार? ती म्हणाली, ज्यानं बंदूक कापली त्याला बोलवा. मी त्याच्याशी बोलणार नाही, पण तो येऊ दे.

तर ये. मला शेतावर यायचं धाडस नाही. काय झालं ते लिहून कळव, तू समोर बसून सांगितलंस तर मला ऐकवणार नाही.

माया कुठे गेली नव्हती. वाट बंद केली होती, एवढंच.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

माधव नगर, उज्जैन
१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल सकाळी जाऊन आलो. लिहायला सांगितलंस म्हणून जसं झालं तसं लिहितो.

मी पोचलो तेव्हा अहल्याताई आधीच बांधावर उभ्या होत्या. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली नाही. झाडाखाली गवत कमरेएवढं वाढलं आहे. फांदी वाकवली आणि दोर कापला. मडकं जड लागलं, आत पावसाचं पाणी होतं आणि कुजलेला पाला. कुठे तडा गेलेला नाही. ते हातात घेऊन उभा राहिलो, कारण खाली ठेवावं की फोडावं ते कळेना.

ताई, तुला माहीत आहे, मी कुठे गेलो की पावलं मोजतो. घरापासून देवळापर्यंतची, दुकानापासून चौकापर्यंतची. काल मोजली नाहीत. बांधापासून झाडापर्यंत बघायचं टाळून गेलो. रुचिर उभा होता ती जागा कुठली, तेही मी शोधलं नाही. ती अहल्याताईंनीच दाखवली. त्या गवतातून चालत आल्या आणि एका जागी थांबल्या. मी समजलो.

बोलणार नाही म्हणाल्या होत्या, पण बोलल्या. म्हणाल्या, तुम्ही कोर्टात एवढं सगळं सांगितलंत, वेग किती कमी झाला, गोळी किती सरकली. एक मात्र कुणी तुम्हाला विचारलं नाही. बाराचा एवढा मोठा आवाज झाला, आम्ही सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. त्याला तो ऐकू आला का? तो दचकला का?

तीस वर्षांत जवानांना, साहेबांना आणि गिऱ्हाइकांना मी गोळीचा वेग सांगत आलो. तो कशाला लागतो हे मला काल कळलं. मी म्हणालो, नाही, अहल्याताई. नळी सात बोटं कमी झाली तरी गोळी आवाजाच्या पुढेच पळते. बार त्याच्यापर्यंत पोचायच्या आत सगळं संपलं होतं. त्यानं काही ऐकलं नाही.

त्यांनी विचारलं, म्हणजे तो हसतच होता?

मी म्हणालो, हो.

त्यांनी माझ्या हातातून मडकं घेतलं, आतलं पाणी शमीच्या बुंध्याशी ओतलं आणि पदराखाली धरून घरी घेऊन गेल्या. तुमच्या अंगणात ते कुठे दिसलं तर काही विचारू नकोस.

आज दसरा. देव्हाऱ्याखाली बाकीचे पुठ्ठे तसेच आहेत, ओंकारचा कोर्टातून परत मिळेल तेव्हा येईल. पूजेला हत्यार काही नव्हतं. शिवणयंत्र उघडायचा पेचकस ठेवला, कुंकू मात्र लावलं नाही.

तुझ्या यंत्राचा धागा सुटतो तो खालची फिरकी झिजल्यामुळे. नवी आणून ठेवली आहे. रविवारी घेऊन येऊ का, एवढं कळव. पोस्टानं कळवलंस तरी चालेल, चार दिवस थांबेन.

तुझा,
विनायक